‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे लिहिण्यापूर्वी – अर्बुद आणि शरीराच्या सहज रक्षक पेशी

आज आपल्या व्यवसायात ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाइतका वापरला जाणारा आणि तितकाच कमी तपासला जाणारा दुसरा शब्द नसेल. २०२० च्या साथीनंतर तर या शब्दाला बाजारात सोन्याचे मोल आले. औषधालयाच्या दर्शनी फळीवर काढे, गोळ्या, अवलेह, आसवे ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येकाच्या वेष्टनावर हाच शब्द ठळक अक्षरांत असतो. सर्दी-पडशासाठी कोणी ते नेले तर फारसे बिघडत नाही. परंतु कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाचा मुलगा किंवा सून तीच बाटली मागते, आणि आपण ‘घ्या, याने प्रतिकारशक्ती वाढेल, मग गाठ आपोआप विरेल’ असे सांगून ती देतो, तेव्हा मात्र थांबून विचार करणे आवश्यक ठरते. आम्ही हा लेख त्या थांबण्यासाठीच लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शरीराच्या जन्मजात संरक्षणव्यवस्थेतील पेशी अर्बुदाशी नेहमी लढतातच असे नाही. पुष्कळ वेळा त्याच पेशी अर्बुदाला रक्त पुरवितात, वाट करून देतात आणि त्याचे रक्षण करतात. हे गेल्या काही दशकांत प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. यास्तव अर्बुदाच्या रुग्णात प्रतिकारशक्ती ‘वाढविणे’ हे उद्दिष्टच अपुरे, क्वचित घातक आहे. आणि विशेष म्हणजे, आयुर्वेदाने बलाचा जो विचार मांडला आहे तो या बाजारी कल्पनेपेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे. आपणच तो सोडून बाजाराच्या मागे निघालो आहोत.

सहज रक्षक पेशी म्हणजे कोण?

आधुनिक शास्त्र शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचे दोन भाग मानते. एक जन्मजात, जिला शत्रूची पूर्वओळख लागत नाही. दुसरी अर्जित, जी विशिष्ट शत्रूला ओळखून त्याची स्मृती ठेवते. पहिल्या भागात मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षी पेशी, न्यूट्रोफिल, मास्ट पेशी, डेन्ड्रिटिक पेशी, नॅचरल किलर पेशी इत्यादी येतात. टी व बी लिम्फोसाइट या दुसऱ्या भागातील. आपण पदवी अभ्यासक्रमात हे वाचलेले आहे, परंतु तेथे ते जंतुसंसर्गाच्या संदर्भात येते आणि अर्बुदापर्यंत क्वचितच पोहोचते.

या विद्येचा आरंभ १८८२ साली झाला असे मानतात. इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतील मेसिना येथे ताराममाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झाल्याचे पाहिले. त्या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. एर्लिख यांनीच मास्ट पेशींचे वर्णन त्यापूर्वी केले होते आणि शरीर निर्माण होणाऱ्या अर्बुदांना सतत दाबून ठेवीत असावे असा तर्कही त्यांनीच १९०९ मध्ये मांडला. पुढे १९५० च्या दशकात बर्नेट आणि थॉमस यांनी या तर्काला ‘पहारा’ या कल्पनेचे रूप दिले. ‘प्रतिकारशक्ती वाढली की कर्करोग जातो’ ही आजची लोकप्रिय समजूत या पहाऱ्याच्या कल्पनेचेच सोपे केलेले रूप होय.

परंतु याच कथेची दुसरी बाजू तितकीच जुनी आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८६३ सालीच अर्बुदाच्या ऊतींत श्वेतपेशी असल्याचे नोंदवून दीर्घकालीन शोथ आणि अर्बुद यांचा संबंध सुचविला होता. १९८६ मध्ये अमेरिकेतील हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी अर्बुदाला ‘न भरून येणारा व्रण’ म्हटले. व्रण भरण्यासाठी शरीर ज्या ज्या क्रिया करते, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या, नवा आधारऊती, पेशींची वाढ, त्याच क्रिया अर्बुद आपल्यासाठी राबवून घेते. फरक इतकाच की व्रण भरला की त्या थांबतात. अर्बुदात त्या थांबतच नाहीत. दुष्ट व्रणाची चिकित्सा करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

रक्षक भक्षकाला कसा सामील होतो

महाभक्षी पेशीपासून आरंभ करू, कारण या विषयाचा गाभा तीच आहे. अर्बुद काही रासायनिक संदेश सोडते. त्यांमुळे रक्तातील मोनोसाइट पेशी ओढल्या जातात व अर्बुदात शिरून महाभक्षी पेशी बनतात. जंतूसमोर हीच पेशी भक्षण करते, विषारी द्रव्ये सोडते, इतर पेशींना हाक मारते. जखम भरण्याच्या काळात मात्र तिचा स्वभाव बदलतो. ती शोथ आवरते, मृत पेशी उचलते, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देते. २००० साली या दोन स्वभावांना एम-१ व एम-२ अशी नावे दिली गेली. पुढील संशोधनाने हे दोन कप्पे फार ढोबळ असल्याचे दाखविले, तथापि समजण्यास ते उपयोगी आहेत. अर्बुदातील महाभक्षी पेशी बहुधा दुसऱ्या स्वभावाकडे झुकतात. त्या रक्तवाहिन्या वाढविणारे घटक सोडतात, भोवतालचा आधारऊती विरघळवून अर्बुदपेशींना वाट देतात आणि टी पेशींना निष्क्रिय करणारे संदेश पाठवितात.

याचा एक सुंदर प्रयोग २००१ मध्ये न्यूयॉर्क येथे जेफ्री पोलार्ड यांच्या चमूने प्रसिद्ध केला. स्तनार्बुद हमखास होणाऱ्या उंदरांत महाभक्षी पेशींच्या वाढीस लागणारा एक घटक त्यांनी जन्मतःच काढून टाकला. अर्बुदे झालीच, परंतु त्यांचे घातक अवस्थेत रूपांतर लांबले आणि फुप्फुसातील प्रसर पुष्कळ घटला. म्हणजे अर्बुद निर्माण होण्यास या पेशी लागत नव्हत्या, पसरण्यास मात्र लागत होत्या. ‘रक्षक’ कमी झाल्यावर रोग मंदावला, हे वाक्य ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा सावकाश वाचावे.

अर्थात नियमाला अपवादही आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काही अभ्यासांत अर्बुदाच्या सीमेवर महाभक्षी पेशी अधिक असणे हे रुग्णाच्या दृष्टीने अनुकूल आढळले. स्थान बदलले, अवस्था बदलली की तीच पेशी निराळी वागते. देश, काल, अवस्था यांचा विचार न करता द्रव्य देऊ नये, हे आपण शिकलोच आहोत.

न्यूट्रोफिल ही दुसरी पेशी. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. त्यांचे आयुष्य अल्प असते, म्हणून अर्बुदासारख्या दीर्घ रोगात त्यांची भूमिका नगण्य असावी असे बरीच वर्षे मानले गेले. ते चुकीचे ठरले. २००४ साली बर्लिन येथील संशोधकांनी दाखविले की न्यूट्रोफिल मरताना स्वतःच्या केंद्रकातील धाग्यांचे जाळे बाहेर फेकतो व त्यात जंतू अडकतात. २०१८ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात असे आढळले की तंबाखूच्या धुराने फुप्फुसात दीर्घ शोथ निर्माण केला असता हीच जाळी तेथे निद्रिस्त असलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींना जागे करतात. शस्त्रकर्म होऊन बरा झालेला रुग्ण पुन्हा धूम्रपानाकडे वळला तर काय घडू शकते, याचा विचार यावरून करता येईल.

न्यूट्रोफिलसंबंधी एक व्यवहारोपयोगी गोष्ट येथेच नोंदवितो. साध्या रक्ततपासणीत न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे प्रमाण मिळते. २०१४ मध्ये १०० अभ्यासांतील ४०,५५९ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. घन अर्बुदांच्या रुग्णांत हे गुणोत्तर वाढलेले असेल तर आयुर्मान कमी आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. हे निदानाचे साधन नव्हे. साधा जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉईडनेही ते वाढते. परंतु ‘श्वेतपेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती सुधारली’ असे अहवाल हातात घेऊन रुग्णाला सांगणाऱ्या वैद्याने हे अवश्य लक्षात ठेवावे.

नॅचरल किलर पेशींची गोष्ट मात्र निराळी आहे. १९७५ च्या सुमारास या पेशी ओळखल्या गेल्या. शरीरातील निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर ‘मी आपलीच’ अशी खूण धारण करते. ती खूण हरविलेली पेशी दिसली की नॅचरल किलर पेशी तिला मारते. जपानमधील सैतामा प्रांतात ३,६२५ नागरिकांचा ११ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. रक्तातील या पेशींची मारकक्षमता ज्यांच्यात कमी होती त्यांना कर्करोग अधिक झाल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. २०१६ साली कोपनहेगन येथील संशोधकांनी चाकावर धावणाऱ्या उंदरांत अर्बुदांची वाढ बरीच घटल्याचे व त्यामागे याच पेशींची हालचाल असल्याचे दाखविले. व्यायामाची महती सांगण्यासाठी आपल्याला उंदरांची साक्ष नको, तरी ती मिळाली तर नाकारू नये.

डेन्ड्रिटिक पेशी या दूताचे काम करतात. अर्बुदाचा अंश उचलून त्या लसीकाग्रंथीत नेतात व टी पेशींना दाखवितात. या पेशींचे शोधक राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले, परंतु घोषणेच्या तीनच दिवस आधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. आपल्याच शोधावर आधारित उपचार त्यांनी स्वतःवर करून घेतले होते. अर्बुदाच्या परिसरात या दूतांनाही मुके केले जाते, ही आजची मुख्य अडचण आहे.

या साऱ्याचा सारांश २०११ साली हॅनाहन व वाईनबर्ग यांनी केला. कर्करोगाची लक्षणे सांगताना त्यांनी ‘प्रतिकारव्यवस्थेला चुकविणे’ हे लक्षण घातले आणि त्याच लेखात ‘अर्बुदाला पोसणारा शोथ’ हाही घटक घातला. एकच व्यवस्था, दोन विरुद्ध कार्ये.

संहितांत काय आहे, काय नाही

येथे आपल्यापैकी अनेकांना मोह होतो. महाभक्षी पेशी म्हणजे ओज, न्यूट्रोफिल म्हणजे पित्त, मास्ट पेशी म्हणजे अमुक, अशी जोडाजोड करून ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचा. आमच्या मते हा मोह टाळावा. सूक्ष्मदर्शकाशिवाय जे दिसत नाही ते संहिताकारांनी पाहिले नाही, आणि त्यामुळे त्यांची थोरवी कणभरही कमी होत नाही. प्रत्येक विकाराला नाव सापडलेच पाहिजे असे नाही, ही मोकळीक चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १८ व्या अध्यायात वैद्याला देऊनच ठेवली आहे.

जे आहे ते मात्र नीट वाचावे. सुश्रुत निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन आहे. वर्तुळाकार, स्थिर, अल्पवेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. न पिकण्याचे कारणही आचार्य देतात. कफ व मेद यांचे आधिक्य, दोषांची स्थिरता आणि त्यांचे गुंफले जाणे. एकावर दुसरे होणारे अध्यर्बुद आणि जोडीने होणारे द्विरर्बुद असाध्य म्हणून सांगितले आहे. ‘न पिकणे’ या लक्षणाकडे आपण आजवर केवळ विद्रधीपासूनचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून पाहिले. परंतु विचार करा. विद्रधीत शरीराची संरक्षक सेना येते, लढते, पूय होतो, मार्ग फुटतो, व्रण भरतो. अर्बुदातही तीच सेना येते, परंतु लढत नाही, राहून जाते. आचार्यांनी पेशी पाहिली नाही, परंतु लढाई होत नाही हे पाहिले आणि नोंदविले. या निरीक्षणाला आम्ही अधिक मोठे मानतो.

दुसरे स्थळ चरक सूत्रस्थानाच्या १७ व्या अध्यायातील. प्रकृतिस्थ श्लेष्मा हेच बल आणि तेच ओज, आणि तोच विकृत झाला की मल व पाप्मा, असे तेथे सांगितले आहे. पदार्थ एकच, अवस्था दोन. बलाचे प्रमाण वाढविण्यापेक्षा त्याची प्रकृती राखणे महत्त्वाचे, हा त्याचा सरळ अर्थ. आम्ही श्लेष्मा म्हणजे महाभक्षी पेशी असे म्हणत नाही. परंतु ‘रक्षक द्रव्यच विकृत होऊन रोगाचे द्रव्य बनते’ हा विचार ज्या शास्त्रात मुळातच आहे, त्या शास्त्राच्या वैद्याने ‘वाढवा, वाढवा’ एवढेच म्हणावे, हे आश्चर्य आहे.

तिसरे स्थळ व्याधिक्षमत्वाचे. चक्रपाणींनी त्याचे दोन भाग केले. उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध करणे, आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध करणे. अर्बुदाच्या बाबतीत हे दोन भाग वेगळे ठेवणे फार आवश्यक आहे. उत्पत्तीपूर्वीची चिकित्सा आणि उत्पत्तीनंतरची चिकित्सा एक नव्हे. पहिल्या टप्प्यात आयुर्वेदाला मोठे क्षेत्र मोकळे आहे. दुसऱ्या टप्प्यात आपली जागा साहाय्यकाची आहे आणि ती मानाने स्वीकारावी.

उत्पत्तीपूर्वी – आपले खरे क्षेत्र

दीर्घकाळ टिकणारा शोथ अर्बुदाची भूमी तयार करतो याचे दाखले आता पुष्कळ आहेत. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूच्या शोधासाठी मार्शल व वॉरेन यांना २००५ चे नोबेल मिळाले. या जंतूने होणारा जुना जठरशोथ पुढे जठराच्या कर्करोगाकडे जाऊ शकतो. यकृतातील जुना विषाणुजन्य शोथ, आतड्यातील व्रणयुक्त शोथ यांचीही तीच वाट आहे.

आपल्या प्रांतात हा विषय तोंडापासून सुरू होतो. भारतीय पुरुषांतील कर्करोगांत मुखकर्करोग अग्रस्थानी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी मावा, खर्रा, मशेरी घराघरांत आहेतच. सुपारी तंबाखूशिवायही कर्ककारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले आहे. सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात प्रथम जळजळ, मग श्वेतपणा, मग गालाची त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होणे, हा क्रम आपण रोज पाहतो. त्या गालात वर्षानुवर्षे चाललेला शोथ आणि तेथे जमलेल्या रक्षक पेशी यांचे काय होत असेल, याची कल्पना वरील विवेचनावरून यावी. येथे निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा होय. गंडूष, प्रतिसारण अवश्य द्यावे, परंतु सुपारी सुटली नाही तर ते देणे म्हणजे एका हाताने आग विझवून दुसऱ्या हाताने तेल ओतणे होय. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा मुखव्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर प्रथम दंतवैद्य अथवा शल्यचिकित्सकाकडे तुकडातपासणीसाठी पाठवावे, मग औषधाचा विचार करावा.

दुसरे क्षेत्र स्थौल्याचे. २०१६ मध्ये वरील संस्थेनेच अतिमेद व तेरा प्रकारचे कर्करोग यांचा संबंध पुरेसा सिद्ध झाल्याचे म्हटले. अतिस्थूल व्यक्तीच्या मेदात मृत मेदपेशींभोवती महाभक्षी पेशी मुकुटासारख्या जमतात व मंद शोथ चालू ठेवतात. स्थूल स्त्रियांच्या स्तनऊतीतही हे दिसले आहे. लंघन, व्यायाम, मेदोहर आहारविहार हा आपला नित्याचा उपदेश. तो आपण मधुमेह व संधिवातासाठी करतो. अर्बुदप्रतिबंधासाठीही तो तितक्याच गांभीर्याने करावा. त्यासाठी कोणतीही बाटली विकावी लागत नाही, कदाचित म्हणूनच तो मागे पडला असावा.

उत्पत्तीनंतर – काय करू नये

आधुनिक वैद्यकाचाही याबाबतीतील अनुभव शिकण्यासारखा आहे. १८९१ पासून न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोले यांनी जंतू व त्यांची विषे टोचून अर्बुदे विरविण्याचा यत्न केला. काही रुग्णांत यश आले, परंतु ते कोणात येईल हे सांगता येईना. त्या मार्गातून टिकून राहिलेला दाखला बी.सी.जी. लसीचा. १९७६ मध्ये मोरालेस यांनी कॅनडातून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात ती आजही मूत्राशयात सोडली जाते. म्हणजे योग्य स्थानी, योग्य मात्रेत, योग्य अवस्थेत सहज प्रतिकार चेतविणे उपयोगी ठरते. उलट दिशेचा दाखला २०१७ चा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांत शोथ कमी करणारे एक प्रतिपिंड-औषध दिले असता फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटल्याचे दिसले. परंतु त्याच रुग्णांत जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, आणि पुढे प्रस्थापित फुप्फुसकर्करोगात तेच औषध देऊन पाहिले तर लाभ झाला नाही. अर्बुदपेशीवरील ‘मला खाऊ नका’ ही खूण झाकून महाभक्षी पेशींना पुन्हा भक्षणास लावण्याची कल्पनाही फार आकर्षक होती. त्यावरील एका औषधाच्या मोठ्या चाचण्या २०२३ व २०२४ मध्ये अपेक्षित लाभ न दिसल्याने थांबविण्यात आल्या. इतक्या नेमक्या शस्त्रांचीही अशी गत होते, तेथे ‘सर्वांगीण प्रतिकारशक्तीवर्धक’ चूर्णाने काय साधेल याविषयी आपण नम्र असावे.

येथे काही मित्र म्हणतील, ‘आमची रसायने वाढवीत नाहीत, ती समत्व आणतात.’ तत्त्व म्हणून हे आम्हांस मान्य आहे आणि प्रियही आहे. परंतु अमुक द्रव्य अमुक अवस्थेतील अर्बुदात समत्वच आणते, हे रुग्णांत दाखवावे लागेल. प्रयोगशाळेच्या तबकडीत हळदीतील करक्युमिन शोथाचे मार्ग दाबते हे खरे. परंतु पोटातून घेतलेले करक्युमिन रक्तात फार थोडे पोहोचते हेही तितकेच खरे. तबकडी म्हणजे रुग्ण नव्हे.

यास्तव चिकित्सक व औषधालयचालक या दोघांसाठी आमच्या काही सूचना आहेत.

पहिली. रुग्ण कोणते आधुनिक उपचार घेत आहे हे विचारल्याशिवाय औषध देऊ नये. विशेषतः टी पेशींवरील ‘लगाम’ काढणारी नवी औषधे, ज्यांच्या मूलभूत शोधासाठी अ‍ॅलिसन व होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले, ती आता आपल्या शहरांतही दिली जातात. त्यांनी आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉईड यांत तीव्र शोथ होऊ शकतो. अशा रुग्णाला आपण यकृतावर भार टाकणारे द्रव्य दिले आणि यकृताचे आकडे चढले, तर दोष कशाचा हे कोणालाच कळणार नाही आणि जीवरक्षक उपचार थांबेल.

दुसरी. रसायनोपचार चालू असलेल्या रुग्णास ताप आला, तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असले, तर तो ज्वराचा सामान्य रुग्ण नव्हे. त्याच्या न्यूट्रोफिल पेशी संपलेल्या असू शकतात आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो. ज्वरघ्न काढा देऊन उद्या या असे सांगू नये. तत्काळ रुग्णालयात पाठवावे. याच काळात कच्ची चूर्णे, ताजे स्वरस टाळावेत, कारण त्यांत जंतू व बुरशी असू शकतात. ज्या न्यूट्रोफिलविषयी आपण वर तक्रार केली, तीच येथे प्राणरक्षक आहे. एकाच पेशीची ही दोन रूपे ध्यानी ठेवणे म्हणजेच या लेखाचा हेतू ध्यानी ठेवणे.

तिसरी. वनस्पतीची ओळख. २०२१ मध्ये मुंबईतून गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतशोथ झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन दुसरीच सदृश जाती वापरली गेली असण्याची शक्यता वर्तविली. वाद काहीही असो, तो आपल्याला दोन कामे सांगतो. खरेदी केलेल्या मालाची जाती तपासून घेणे, आणि दीर्घकाळ देताना यकृताची तपासणी करणे. औषधालयाने प्रत्येक घाऊक खरेदीचा तपासणी-दाखला मागावा. जो पुरवठादार तो देऊ शकत नाही, त्याचा माल घेऊ नये.

चौथी. जाहिरात. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे. ‘कर्करोगावर हमखास’ असे फलकावर किंवा पत्रकात लिहिणे हा अपराध आहे. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट अशी की त्या फलकामुळे पहिल्या अवस्थेतील एखादी स्त्री सहा महिने उशिरा शस्त्रकर्माला जाते आणि तोवर गाठ काखेत पोहोचलेली असते. असे रुग्ण आम्ही पाहिले आहेत, आपणही पाहिले असतील.

पाचवी. नोंदी. अग्निमांद्य, अरुचि, मुखपाक, मलावष्टंभ, निद्रानाश, दौर्बल्य या उपद्रवांत आपण रुग्णाला खरा दिलासा देऊ शकतो. तो देताना रक्ततपासण्या, वजन, औषधाची मात्रा, कालावधी यांची व्यवस्थित नोंद ठेवावी आणि उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाला ती कळवावी. असा पत्रव्यवहार सुरू केला तर पलीकडून उत्तर येते, हा आमचा अनुभव आहे.

संघटनेकडून अपेक्षा

आपल्या संघटनेने एक लहान काम हाती घ्यावे असे आम्ही सुचवितो. ज्या सभासदांकडे कर्करोगाचे रुग्ण येतात त्यांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात व त्या वर्षातून एकदा एकत्र मांडाव्यात. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, यकृताचे आकडे, वजन, उपचार पूर्ण झाला की नाही, एवढे जरी लिहिले गेले तरी पुष्कळ आहे. यशाइतक्याच प्रामाणिकपणे अपयश व उपद्रवही लिहिले जावेत. समत्वाचा दावा आपण करतो, तर तो मोजण्याची तयारीही आपलीच असली पाहिजे. औषधालयचालकांनी यात सहभागी होऊन कोणत्या तुकडीचे औषध कोणत्या रुग्णास गेले याची नोंद दिली, तर या कामाला पक्का पाया मिळेल.

प्रतिकारशक्ती हा शब्द आपण सोडून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. तो वापरताना कोणाची शक्ती, कोठे, कोणत्या अवस्थेत आणि कोणाच्या बाजूने, एवढे चार प्रश्न स्वतःस विचारावेत. उत्तर येत असेल तर औषध द्यावे. येत नसेल तर रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवावे. बलाची परीक्षा हा आपल्या शास्त्रातील दशविध परीक्षेचाच भाग आहे, आणि परीक्षा न करता दिलेले बल्य औषध हे औषध नव्हे, केवळ विक्री होय.